हापूसमधला आघात

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एखाद्या मराठी प्रोग्रामरला उद्या पोर्तुगीज मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घडवायचं काम मिळालं, तर 'साबिया' हा शब्द त्याला पहिल्याच दिवशी अडवेल. रोमन लिपीतली पाचच अक्षरं. आघात 'सा'वर पडला तर विदुषी, 'बि'वर पडला तर 'ठाऊक होतं', आणि शेवटच्या 'आ'वर पडला तर ब्राझीलचा राष्ट्रीय पक्षी. विदुषीत शेवटचे दोन स्वर एका झटक्यात उरकतात, म्हणून तिचे शब्दावयव दोन; उरलेल्या दोघांचे तीन-तीन.

सुदैवाने पोर्तुगीज लेखन प्रामाणिक आहे. शब्दाच्या शेवटी आ, ए किंवा ओ असेल (त्यामागे 'स' आला तरी), तर आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर: बा-टा-टा, मधल्या 'टा'वर. शेवटी इ, उ किंवा ल, र यांसारखं व्यंजन असेल, तर थेट शेवटच्या अवयवावर: का-जू, ना-ताल. नियम मोडणाऱ्या शब्दाच्या डोक्यावर चिन्ह चढतं. अननसाच्या शेवटच्या 'ना'वर ते आहेच. साबियाच्या तीन रूपांतही चिन्ह नाही ते फक्त 'ठाऊक होतं'वर, कारण शेवटचे दोन स्वर सुटे मोजले, तर नियमात तेच बसतं.

मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. मग सोळाव्या शतकापासून कोकण किनाऱ्यावर कानावाटे आलेल्या पोर्तुगीज शब्दांतलं आपण काय उचललं? जोराने ऐकू आलं ते. 'आफोंसो'त आघात 'फों'वर. तो 'पू' होऊन टिकला, शेवटचा ओ गळाला, हापूस झाला. 'फिता'ची फीत, 'पिस्तोला'चं पिस्तूल, त्याच वाटेने. 'ताबाको'तला आघाताचा 'बा' तंबाखूत शाबूत आहे, कन्नडमधल्या 'तंबाकु'तही. शेवटचा निराघात ओ पोर्तुगीज उच्चारात 'उ'कडे झुकतो. आपला 'खू' बहुधा तिथला. ज्यांचा आघात शेवटी होता, त्यांचं शेपूट मात्र वाचलं: नाताळ, पाव, लिलाव.

हापूसमधला दीर्घ ऊ मात्र पुरावा धरू नये. अशा शब्दात शेवटून दुसरा उकार मराठी दीर्घच लिहिते आणि 'हापुसाची पेटी' म्हणताच ऱ्हस्व करते. पुरावा आहे तो काय गळलं आणि काय उरलं, याचा.

 

साबणाने मात्र दगा दिला. मूळ 'साबांव', आघात शेवटी. पाव आणि लिलावाच्या चालीने आपण 'साबाव' म्हणायला हवं होतं. पण 'साबून' हा अरबी शब्दही हिंदुस्थानच्या बाजारात फिरत होताच. शेवटचा 'ण' त्याच्या धक्क्याने आला असावा, असा माझा तर्क आहे.