फॅट काढणारा हात

पहाटे साडेपाचला संगमनेर किंवा राहात्याकडच्या कुठल्याही गावात शिरलात, की सगळ्यात आधी उजेड दिसतो तो दूध संकलन केंद्राचा. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असतात आणि सगळ्यांची नजर आत टेबलाशी बसलेल्या एका पोरावर असते. तो फॅट काढतो. फॅट किती लागली यावर लिटरचा भाव ठरतो, म्हणून त्याच्या तोंडून निघणाऱ्या आकड्याकडे सगळं घर कान लावून असतं. त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आहे, याची मात्र रांगेत कुणाला आठवण नसते.

प्रयोगशाळा म्हटलं की आपल्याला पांढरे कोट आणि पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या संस्था आठवतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रयोगशाळा वेगळ्या आहेत. त्या दुधाच्या टेबलावर आहेत, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत, माती परीक्षणाच्या खोलीत आहेत. दुधाची फॅट, उसाचा उतारा, जमिनीचा कर्ब. या तीन आकड्यांवर इथल्या शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं, आणि हा प्रत्येक आकडा कुणाच्या तरी हातातून, नाकासमोरून, श्वासाजवळून जातो.

फॅट काढायची जुनी रीत स्विस रसायनज्ञ निक्लाउस गर्बर यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. ब्यूटायरोमीटर नावाच्या लांब मानेच्या काचेच्या नळीत आधी 10 मिली ॲसिड घ्यायचं, साधारण 90 टक्के तीव्रतेचं. नळी तिरकी धरून कडेकडेने 10.75 मिली दूध सोडायचं, वरून 1 मिली अमाइल अल्कोहोल. मग रबरी बूच घट्ट दाबायचं आणि नळी फडक्यात गुंडाळून हलवायची. ॲसिड दुधातली प्रथिनं विरघळवून टाकतं. मोकळी झालेली चरबी सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवली की मानेत गोळा होते आणि तिथल्या खुणांवर वाचता येते.

जीव सांभाळायचा असतो तो हलवण्याच्या क्षणी. ॲसिड दुधातलं पाणी अधाशासारखं ओढून घेतं आणि त्यातून एवढी उष्णता निघते की फडक्यातूनही नळी हाताला चटका देते. बूच सैल असेल, तर आतला तपकिरी-काळा रस थेट चेहऱ्यावर येतो. शाळेत आपण घोकलेलं असतं, पाण्यात ॲसिड ओतावं, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये. ॲसिड पाण्याच्या 1.8 पट जड. वरून ओतलेलं पाणी त्यावर तरंगतं, दोघांच्या सीमेवरच उकळतं आणि उडताना ॲसिड घेऊन उडतं. गर्बरच्या नळीत क्रम नेमका उलटा आहे, खाली ॲसिड आणि वर दूध. म्हणून तर दूध कडेने, हळू सोडायचं आणि दोघांची गाठ बूच लागल्यावरच घालून द्यायची. रांगेत पन्नास माणसं ताटकळत असताना सगळ्यात आधी सुटतं ते हे ‘हळू’.

आणि उडालंच तर? गावात लगेच कुणीतरी सोडा नाहीतर चुना घेऊन धावतं. तसं करू नये. ॲसिड आणि सोडा एकमेकांना मारताना पुन्हा उष्णताच निघते, आणि शोधाशोधीत मोलाची मिनिटं जातात. भरपूर वाहतं पाणी, तेही किमान 15 मिनिटं, डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि मग दवाखाना. ही 15 मिनिटं फार लांब वाटतात. घड्याळ लावूनच मोजावीत.

हातमोजे दिले की सुरक्षितता झाली, असं आपल्याकडे मानलं जातं. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या कॅरन वेटरहान यांची आठवण मला इथे होते. विषारी धातूंचा अभ्यास हेच त्यांचं काम. 14 ऑगस्ट 1996 रोजी डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातावर पडले. हातात लॅटेक्सचे मोजे होते, काम नियमाप्रमाणेच चाललं होतं. 8 जून 1997 रोजी त्या गेल्या. नंतरच्या चाचण्यांत दिसलं, की हे रसायन लॅटेक्समधून काही सेकंदांतच आरपार जातं. म्हणून सुरक्षिततेचं शास्त्र मोज्याला सगळ्यात शेवटचं स्थान देतं. आधी ते विष कामातूनच काढता येतं का बघा, नाहीतर त्याच्या जागी दुसरं काही आणा, नाहीतर ते बंदिस्त करा. एवढं करून जे उरेल, त्यासाठी मोजे आणि चष्मा.

साखरेच्या लॅबमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये उभा राहिला आणि जिल्ह्याचं रूपच बदललं. तेव्हापासून हंगामात तिन्ही पाळ्यांत कारखान्यांच्या लॅबमध्ये रसाचे नमुने येत राहतात. रसातली साखर पोलॅरिमीटरने मोजतात. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल वळतं, किती वळलं त्यावरून पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, कळतो. पण उसाचा रस गढूळ असतो, सोडियमचा पिवळा प्रकाश, 589 नॅनोमीटरचा, त्यातून नीट जात नाही. तो नितळ करायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली शिशाच्या सबॲसिटेटची पांढरी भुकटी. चमचाभर टाकायची, ढवळायचं, गाळायचं. शिसं शरीरात शिरलं की हाडांत जाऊन बसतं, तिथे वर्षानुवर्षं राहतं, आणि मज्जासंस्था, मूत्रपिंडं, रक्त अशा सगळ्यांना पोखरतं. शिशाचं ॲसिटेट चवीला गोड असतं. साखरेच्या घरात गोड विष. भुकटीचा हात तोंडाशी गेला, तरी जीभ हाक देत नाही. आणि तोंडाने पिपेट ओढणं तर आमच्या पिढीला बी.एस्सी.च्या वर्गातच सवयीचं झालं होतं, कुणी हटकलं नाही.

यावरचा मला सगळ्यात आवडलेला उपाय प्रकाश बदलण्याचा आहे. 880 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालणारे पोलॅरिमीटर आले. रसाचा रंग या प्रकाशाला फारसा अडवत नाही, नुसतं गाळून घेतलं तरी भागतं. शिशाची गरजच संपते. ॲल्युमिनियमच्या क्षारांवर आधारलेल्या भुकट्याही शिशाच्या जागी आल्या आहेत. नवं यंत्र महाग आहे खरं, पण ज्या पोरांनी पंचवीस-तीस हंगाम त्या टेबलाशी काढायचे, त्यांच्या हाडांची किंमत कुठल्या वहीत मांडायची?

मातीच्या लॅबमधला बदल अजून अर्धवट आहे. राहुरीला 1968 मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत 1934 ची, आणि तिथल्या शेतकीच्या विद्यार्थ्याला ती तोंडपाठ असते. 1 ग्रॅम मातीत 10 मिली नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट, 20 मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, अर्धा तास विसावा. हा चंबू ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर ठेवा, असं जुन्या पुस्तकांत छापलेलं असे. शेवटी अनुमापन करताना निळसर जांभळा रंग पालटून लख्ख हिरवा झाला की क्रोमियम घातक अवस्थेतून सौम्य अवस्थेत आलं. तेव्हा खरा धोका त्या आधीचा, नारिंगी भुकटी तोलताना आणि द्रावण बनवताना. कर्करोग घडवणारं हे सहा संयुजेचं क्रोमियम धुळीतून श्वासात जातं. 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाल्यावर नमुने वाढले, तसं हे तोलणंही वाढलं. भट्टीत माती जाळून वजनातली घट मोजणारी बिनक्रोमियमची रीत आहे, अवरक्त किरणांनी माती वाचणारी यंत्रं आहेत. ती सगळीकडे पोचत नाहीत, तोवर भुकटी तोलताना फ्यूम हूड चालू असावा आणि वजनकाट्याशेजारी चहाचा कप नसावा.

दुधाच्या टेबलावर आता बहुतेक ठिकाणी श्राव्यातीत लहरींचं यंत्र आलं आहे. दुधातून आवाज किती वेगाने जातो, यावरून ते फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, दाखवतं. ॲसिडचा थेंबही लागत नाही. पण यंत्राचा आकडा पटला नाही, वीज गेली किंवा यंत्र पडताळून घ्यायचं झालं, की पुन्हा गर्बरच लागतो. म्हणून टेबलाखाली ॲसिडचा कॅन असतोच. गावच्या केंद्रात माणसं दोनच. कायद्याने कारखाना ठरायला जेवढे कामगार लागतात, तेवढे तिथे नसतात, म्हणून तपासनीसही फिरकत नाही.

मागे अशाच एका केंद्रावर मी त्या कॅनशेजारी झाकण लावलेली पाण्याची बादली आणि तांब्या पाहिला. बादलीवर लाल रंगाने लिहिलं होतं, ‘हे पाणी किटल्या धुवायला घेऊ नये.’ कोणी लिहिलं म्हणून विचारलं, तर फॅट काढणाऱ्या पोराने मान वर न करता सांगितलं, “आईनं. रोज सकाळी ती येऊन बदलून जाते.”