चार भिंतींतील विश्वविजय

गेल्या चैत्रात आमच्या घरी एक लहानसाच, परंतु सर्वांस विचारात पाडणारा प्रसंग उद्भवला. आमची बारा वर्षांची नात जिमखान्यात स्क्वॉश नावाचा खेळ शिकते. तिच्या शिक्षकांनी निरोप पाठविला की, मुलीच्या हातात गुण आहे. तिला रोज पहाटे दोन तास सरावास धाडावे आणि सुटीत चेन्नईच्या स्पर्धेस जाऊ द्यावे. रात्री पाने वाढली असता हा विषय निघाला. आमच्या वहिनी म्हणाल्या, "मुलीच्या जातीला इतकी दगदग कशाला? चार वर्षांवर शाळेची मोठी परीक्षा आली." थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "खेळू दे हो, पण खेळून पुढे काय, हे कोणी सांगेल का?" मुलीची आई काहीच बोलली नाही. अखेर सर्वांच्या दृष्टी आमच्याकडे वळल्या. कारण आम्ही जन्मभर मास्तरकी केली, आणि मास्तरांस सर्व काही ठाऊक असते असा घरोघरी समज असतो. त्या रात्री आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि या खेळात ज्या स्त्रीचे नाव अग्रभागी घेतले जाते तिचे चरित्र बारकाईने पाहिले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील हॅरो येथील शाळेत जन्मास आला. मऊ, पिचकणाऱ्या चेंडूवरून त्यास स्क्वॉश हे नाव पडले. इंग्रजी पलटणींबरोबर तो आपल्या देशात आला. पेशावरनजीकच्या नवाकिल्ली गावचे हाशिम खान हे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू वेचून देणारे पोर होते. त्यांनीच १९५१ साली इंग्लंडात जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. याहून नवलाची गोष्ट ही की, स्त्रियांची ब्रिटिश स्पर्धा १९२२ साली सुरू झाली, आणि पुरुषांची मात्र १९३० साली. तेव्हा हा खेळ स्त्रियांनी पुरुषांकडून उसना घेतला, असे म्हणण्याची सोय नाही.

खेळाचे अंगण चार भिंतींनी बंद केलेले, ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद असते. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर चेंडू आदळला की गुण गेला. सुमारे २४ ग्रॅम वजनाचा रबरी चेंडू थंड असता मुळीच उसळत नाही. आपटून आपटून ऊन झाला म्हणजे त्यात जीव येतो. तो जमिनीवर दुसऱ्यांदा टेकण्यापूर्वी समोरच्या भिंतीवर परतवावयाचा. दोघी प्रतिस्पर्धी समोरासमोर नसून एकाच जागेत एकमेकींना वळसे घालीत खेळतात. मध्यभागी जेथे रेषा मिळतात ती जागा जिने राखली, तिचे अर्धे काम झाले. अकरा गुणांचा एक डाव, आणि पाचांपैकी तीन डाव जिंकणारी विजयी. श्वास, पाय आणि बुद्धी या तिन्हींची अशी एकत्र परीक्षा घेणारे खेळ थोडेच असतील.

आमच्या चरित्रनायिकेचे नाव निकोल डेव्हिड. तिचा जन्म २६ ऑगस्ट १९८३ रोजी मलेशियातील पिनांग येथे झाला. वडील भारतीय वंशाचे, व्यवसायाने अभियंते. आई चिनी वंशाची, पेशाने शिक्षिका. तीन बहिणींत ही धाकटी. थोरल्या दोघी स्क्वॉश खेळत, त्यांच्यामागून हीही पाच वर्षांची असता रॅकेट धरू लागली. घर मध्यम स्थितीचे, विद्येस मान देणारे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांहून फारसे निराळे नव्हे.

१९९९ साली, सोळावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ती मुलींची जगज्जेती झाली, आणि २००१ साली आपल्या गावीच तिने ते पद पुन्हा मिळविले. दोनदा हा मान मिळविणारी ती पहिलीच मुलगी. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सुवर्णपदकही जिंकले होते. इतके लवकर यश मिळाले म्हणजे पुढची वाट सोपी असेल असे कोणासही वाटेल. परंतु २००२ साली बुसान येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हाँगकाँगच्या रिबेका चिऊने तिला हरविले. पराभव तसा एकच. पण तो मनास लागला. खेळ चालू ठेवावा की नाही, असा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. तिने काही काळ रॅकेट खाली ठेवली आणि २००३ साली घरदार सोडून हॉलंडात आम्स्टरडॅम येथे लिझ अर्व्हिंग या पूर्वीच्या नामांकित ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या हाताखाली ती नव्याने शिकू लागली. विशीतील मुलगी, परका देश, आणि पराभवाची ताजी आठवण! आईबापांनी तिला जाऊ दिले, हा त्या कुटुंबाचा पराक्रम आम्हांस तिच्या पदकांहून कमी वाटत नाही.

पुढील दोन वर्षांत तिने काय केले असेल, हे सांगण्यास एक संस्कृत शब्द पुरेसा आहे. 'अभ्यास' हा शब्द 'अभि' आणि 'अस्' यांपासून झाला. त्या धातूचा अर्थ फेकणे असा आहे. एकाच लक्ष्याकडे पुनःपुन्हा फेकीत राहणे, तो अभ्यास. वर्गात हा शब्द आम्ही सहस्र वेळा उच्चारला असेल. परंतु एकाच भिंतीवर, एकाच बोटभर जागी, शेकडो वेळा चेंडू मारणाऱ्या या मुलीचे चरित्र वाचल्यावर तो आम्हांस प्रथमच डोळ्यांनी दिसला.

फळ आले ते असे. २००५ साली हाँगकाँग येथे तिने जागतिक अजिंक्यपद जिंकले. जानेवारी २००६ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. हा मान मिळविणारी ती पहिली आशियाई स्त्री. मध्यंतरी काही महिने तो क्रमांक सुटला. परंतु ऑगस्ट २००६ पासून सप्टेंबर २०१५ पर्यंत, म्हणजे सलग १०८ महिने, त्या स्थानावरून तिला कोणी हलवू शकले नाही. जागतिक अजिंक्यपद आठ वेळा, ब्रिटिश अजिंक्यपद पाच वेळा, आणि व्यावसायिक स्पर्धांतील विजय एकंदर ८१. २०१० साली आपल्या दिल्लीतच राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक तिने नेले.

तथापि या आकड्यांहून आम्हांस २०१४ हे एक साल अधिक बोलके वाटते. त्या वर्षीच्या मार्चात पिनांग येथे, स्वतःच्या गावच्या लोकांसमक्ष, जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीपूर्वीच ती हरली. वय तिशीच्या पुढे गेलेले. ईजिप्तच्या तरुण मुली पुढे सरसावलेल्या. आता ही मागे पडणार, असे कोणी म्हटले असते तर त्यास नावे ठेवता आली नसती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कैरो येथे, ईजिप्तच्याच रनीम अल वलीलीविरुद्ध ती पुन्हा जागतिक अंतिम सामन्यात उतरली. चौथ्या डावात ती ६-१० अशी मागे होती. एक गुण गेला की सर्व संपले. तिने ते चारही प्रसंग निभावले, तो डाव १४-१२ असा घेतला आणि पाचवा ११-५ असा जिंकला. ते तिचे आठवे आणि अखेरचे जागतिक अजिंक्यपद. २०१९ साली तिने निवृत्ती पत्करली.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नव्हता. २००५, २००९ व २०१३ या तिन्ही वेळी स्क्वॉशची मागणी नाकारली गेली. या खेळाची बाजू मांडण्यासाठी निकोलने मनापासून खटपट केली. एका ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी आपली सारी जागतिक पदे देण्यास आपण तयार आहो, असे ती बोलून दाखवी. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ती मिळाली आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत स्क्वॉशचा समावेश ठरला. त्याच ठरावात क्रिकेटही असल्यामुळे आपल्याकडे चर्चा झाली ती बहुतेक क्रिकेटचीच. निकोलला निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. जिने झाड लाविले तिच्या ओंजळीत फळ पडले नाही. ते पुढच्या मुलींच्या पडेल.

'खेळून पुढे काय?' या सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते. निवृत्तीनंतर तिने स्वतःच्या नावाची संस्था काढली. तीत लहान मुलांस स्क्वॉशबरोबर इंग्रजीही शिकविले जाते. शिक्षिकेची मुलगी अखेर शिक्षिका झाली!

आता आमची एक कबुली. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. धावण्यात तिचा हात धरणारे जिल्ह्यात कोणी नव्हते. तिचे वडील सल्ला विचारण्यास आले असता आम्ही सांगितले, "परीक्षेचे वर्ष आहे, धावणे बंद करा." त्यांनी आमचा शब्द मानला. मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. पुन्हा धावली मात्र नाही. निकाल ऐकून ती पेढे घेऊन आली तेव्हा तिने नमस्कार केला, पण नेहमीसारखी हसली नाही. आमचा सल्ला चुकला असे त्या वेळी आम्हांस वाटले नव्हते. आज वाटते. दोन्ही गोष्टी साधतील का, हे आम्ही तिला एकदाही विचारले नाही, हीच ती चूक.

प्रत्येक मुलगी निकोल डेव्हिड होणार नाही, हे आम्ही जाणतो. शंभरांतील नव्याण्णव जणींना पदक लाभणार नाही. परंतु हरल्यावर उठून पुन्हा त्याच भिंतीसमोर उभे राहण्याची सवय शंभरही जणींना लाभू शकते, आणि संसारात पदकापेक्षा तिचाच उपयोग अधिक होतो.

आठवा दिवस उजाडला तेव्हा आम्ही प्रथम नातीस जवळ बोलावून विचारले, "बाळ, तुझी स्वतःची इच्छा काय?" ती म्हणाली, "आजोबा, मला जायचे आहे. गणिताची वही बरोबर नेईन." वहिनींनी थोडा वेळ विचार केला आणि मग प्रवासासाठी दशम्या कोणत्या कराव्यात, एवढेच विचारले. नात चेन्नईस जाऊन आली. दुसऱ्याच सामन्यात हरली. आल्या दिवशी ती कोणाशी फारसे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पूजेची फुले तोडीत असता घराच्या मागच्या भिंतीवर चेंडूचा आवाज ऐकू आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.