विद्यापीठाच्या उंबरठ्यावर

(नभोवाणीवरील भाषण)

आषाढांत भंडारा जिल्ह्यांत धानाची रोवणी सुरू होते. दाट वाढलेले पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधावयाच्या आणि चिखल केलेल्या बांधींत एकेक रोप अंतर राखून लावावयाचें, हें काम वैनगंगेच्या खोऱ्यांतील प्रत्येक मुलानें पाहिलेलें असतें. लावल्यावर पहिले कांहीं दिवस तें रोप पिवळें पडतें, मान टाकतें. अनुभवी शेतकरी त्यामुळें घाबरून जात नाहीं. मूळ धरलें कीं तें पुन्हां हिरवें होणार, हें त्याला ठाऊक असतें. बांधींतलें पाणी टिकून आहे ना, एवढेंच तो पाहतो.

याच दिवसांत आपल्या घराघरांतल्या मुलामुलींचीही रोवणी चाललेली असते. बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा गांवच्या महाविद्यालयांत नांव घालतो, किंवा कपड्यांची पेटी घेऊन साठ किलोमीटरांवरील नागपूरची वाट धरतो. पहिले दोन महिने त्याचीही मान खालीं असते, आणि घरचीं माणसें काळजींत पडतात. या काळांत कोणत्या गोष्टी आधीं माहीत असल्या तर पुढचा मनस्ताप टळतो, याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे. हें भाषण मुलांसाठीं आहे, तसेंच त्यांच्या आईवडिलांसाठींही आहे.

प्रथम विद्यापीठ म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, विद्यापीठ म्हणजे नागपुरांतील एक मोठी इमारत. वस्तुतः विद्यापीठ ही एक व्यवस्था आहे. अभ्यासक्रम ठरविणें, परीक्षा घेणें आणि पदवी देणें हीं तिचीं मुख्य कामें. अमरावती रस्त्यावरील महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरांत तिचे पदव्युत्तर विभाग आहेत. पदवीचें बहुतेक शिक्षण मात्र संलग्न महाविद्यालयांतून होतें. म्हणून साकोलीच्या संलग्न महाविद्यालयांतील मुलगी आणि नागपूरच्या संलग्न महाविद्यालयांतील मुलगा हीं दोघें एकाच विद्यापीठाचीं विद्यार्थी होत. कांहीं महाविद्यालयें ‘स्वायत्त’ असतात. तीं आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः पाहतात, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. आपलें महाविद्यालय यांपैकीं कोणत्या प्रकारचें आहे, हें पहिल्याच आठवड्यांत विचारून घ्यावें. कारण पुढें परीक्षेच्या कामीं कोणाकडे जावयाचें, तें त्यावर अवलंबून असतें.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजीं झाली. त्यापूर्वीं नागपुरांत हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें होतें. पण तेथील विद्यार्थ्यांना पदवी मिळे ती प्रथम कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाची. सर बिपिन कृष्ण बोस हे नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. आरंभीं सहा महाविद्यालयें आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा संसार होता. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनीं तांत्रिक शिक्षणासाठीं आपली मोठी संपत्ति विद्यापीठास दिली, आणि तींतून १९४२ सालीं त्यांच्या नांवाची संस्था उभी राहिली. २००५ सालीं विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें. २०११ सालीं चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येथें राहिले.

हा इतिहास सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पणजोबांच्या काळीं जें कलकत्त्याला होतें, तें आज तालुक्याच्या गांवीं आलें आहे. दार जवळ आलें. पण दारांतून आंत गेल्यावर कसें वागावयाचें, हें ज्या घरांत पूर्वीं कोणी पदवीपर्यंत शिकलें नाहीं, तेथें सांगणार कोण? आणि ज्या घरांत आईवडील पदवीधर आहेत, त्यांच्या वेळची रीतही आतां पालटली आहे.

शाळा आणि महाविद्यालय यांतला मुख्य फरक इमारतीचा नाहीं. शाळेंत मूल तीन दिवस आलें नाहीं, तर गुरुजी निरोप पाठवितात. वही अपुरी राहिली तर उभें करतात, अर्ज भरण्याची तारीख दहा वेळां सांगतात. महाविद्यालयांत सूचना एकदां फलकावर लागते, किंवा भ्रमणध्वनीवरील वर्गाच्या गटांत एकदां येते, आणि तारीख निघून जाते. यांत निष्ठुरपणा आहे असें नाहीं. येथें विद्यार्थ्याला जाणता माणूस समजतात, आणि जाणत्या माणसानें आपली गरज आपल्या तोंडानें सांगावी अशी अपेक्षा असते. शाळा तुम्हांला शोधीत होती. येथें तुम्हीं शोधावयाचें आहे.

एक काल्पनिक, परंतु अशक्य नव्हे असें उदाहरण घेऊं. मोहाडी तालुक्यांतील एक हुशार मुलगा नागपूरला आला. रोवणीसाठीं घरीं गेला आणि अंतर्गत मूल्यमापनाची एक चांचणी चुकली. कारण खरें होतें. प्राध्यापकांना भेटून दुसरी संधि मिळते का, हें विचारावें असें त्याच्या मनांत आलें. पण ‘सर काय म्हणतील’ या संकोचानें पाऊल उचललें नाहीं. निकाल लागला, तो विषय राहिला. विषय राहणें ही फार मोठी आपत्ति नव्हे. ज्याला मुलें ‘एटीकेटी’ म्हणतात, त्या सवलतीनें पुढच्या वर्गांत बसतां येतें आणि राहिलेली परीक्षा पुन्हां देतां येते. हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि विचारण्याची लाज आतां दुप्पट झाली होती. पुढें पटावर त्याचें नांव राहिलें, बाकावर तो दिसेनासा झाला. लोक म्हणाले, ‘अभ्यास झेपला नाहीं.’ वास्तविक झेपला नव्हता तो एक प्रश्न.

तेव्हां नव्या विद्यार्थ्यानें कोणते प्रश्न विचारावे, तें पाहूं.

पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीचें मोजमाप ‘श्रेयांकां’नीं होऊं लागलें आहे. साधारणपणें पंधरा तासांचें अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला तीस तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चौथें वर्ष करून मिळणाऱ्या ‘ऑनर्स’ पदवीला किमान १६० श्रेयांक हवेत. मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय आणि अन्य शाखेंतलेंही कांहीं निवडावें लागतें. मिळविलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढींत जमा होतात. तेथें आपलें खातें उघडलें आहे ना, आणि त्यांतलें नांव गुणपत्रिकेवरील नांवाशीं अक्षरशः जुळतें ना, हें पाहून घ्यावें. दुय्यम विषय मित्रानें घेतला म्हणून घेऊं नये. तो पुढें कशाच्या उपयोगी पडतो, हें शिकविणाऱ्यालाच विचारावें.

दुसरा प्रश्न हजेरीचा व गुणांचा. वर्षाच्या शेवटीं रात्री जागून परीक्षा देण्याचे दिवस गेले. आतां वर्ष दोन सत्रांत विभागलेलें असतें, आणि चांचण्या, स्वाध्याय व प्रात्यक्षिकें यांचे गुण सत्र चालू असतांनाच पडत जातात. हजेरीची अट सामान्यतः ७५ टक्क्यांची असते. भंडाऱ्याहून नागपूरला रोज गाडीनें जाऊन येणारे, आपल्या भाषेंत ‘अपडाऊन’ करणारे विद्यार्थी थोडे नाहींत. त्यांनीं पहिल्या महिन्यांतच हिशेब मांडून पाहावा: प्रवासांत किती तास जातात, पहिला तास किती वेळां चुकतो, आणि ग्रंथालय उघडें असतांना आपण तेथें कधीं पोंचतों. वसतिगृहाचा खर्च वांचला, पण ग्रंथालय गमावलें, असा हा व्यवहार होऊं नये.

तिसरा प्रश्न पैशाचा. या विषयाचा उच्चार करण्यास चांगल्या घरांतूनही संकोच वाटतो, आणि तोच संकोच सर्वांत महाग पडतो. राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचें प्रमाणपत्र, आधाराशीं जोडलेलें बँकेचें खातें, यांपैकीं एक कागद कमी असला तरी अर्ज अडतो; म्हणून तहसील कार्यालयाचीं कामें रोवणीच्या गर्दींतही पुढें ढकलूं नयेत. शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं ‘स्वाधार’, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं ‘स्वयं’ योजना आहे. २०२४ च्या जुलैमध्यें शासनानें ठराविक प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षणफी व परीक्षाफी माफ केली. ‘मुलीला इतका खर्च कशाला’ असें म्हणणाऱ्या घरानें निदान हा निर्णय वाचल्याशिवाय तिचें शिक्षण थांबवूं नये.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. आपल्याकडील पुष्कळ मुलें घरीं झाडीबोली बोलतात. नागपूरच्या वर्गांत ‘पाणी’ ऐवजीं ‘पानी’ हा शब्द तोंडून गेला कीं मागच्या बाकावरून हंशा येतो, आणि तें मूल त्या दिवसापासून तोंड मिटून घेतें. पुढें शंका आली तरी तें विचारीत नाहीं. म्हणजे उच्चाराची लाज अखेर ज्ञानाच्या आड येते. अशा मुलांना सांगावेंसें वाटतें कीं, ही बोली अशुद्ध मराठी नव्हे, तें मराठीचें एक जुनें अंग आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं आयुष्य वेंचून तिचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश रचला. ग्रंथांची मराठी शिका, इंग्रजीही शिका. त्यांची गरज आहे. पण शिकून होईपर्यंत गप्प बसूं नका. चुकीच्या उच्चारांत विचारलेल्या योग्य प्रश्नाला प्राध्यापक उत्तर देतातच.

या थट्टेची पुढची पायरी म्हणजे रॅगिंग. नव्या मुलाला नाचविणें, अपमानकारक उत्तरें देण्यास लावणें, रात्रीं उठवून छळणें, याला कोणी ‘ओळख करून घेणें’ म्हणो. कायद्याच्या दृष्टीनें तो गुन्हा आहे. महाराष्ट्रानें १९९९ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा केला; त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि महाविद्यालयांतून काढून टाकण्याची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक विद्यार्थ्याला व पालकाला रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. तक्रारीसाठीं १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य दूरध्वनि अहोरात्र चालू असतो. मुलींना त्रास झाल्यास अंतर्गत तक्रार समितीकडे जातां येतें. सहन करणें म्हणजे मोठेपणा नव्हे; तुम्ही गप्प राहिलां तर पुढच्या वर्षीं तुमच्या गांवच्या धाकट्या भावाची पाळी येते.

परंतु महाविद्यालयीन जीवन म्हणजे केवळ अर्ज आणि सावधगिरी नव्हे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिच्या शिबिरांत दुसऱ्या जिल्ह्यांतील, दुसऱ्या समाजांतील मुलांबरोबर एका पंक्तींत जेवण्याचा व श्रम करण्याचा जो लाभ होतो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं. वादसभा, क्रीडांगण, नाटक यांपैकीं एकांत तरी नांव द्यावें. तीनही ठिकाणीं मात्र देऊं नये. आणि ग्रंथालयांत एक खुर्ची आपली मानावी. वर्गांतलें अर्धें समजलें नाहीं तरी रोज एक तास तेथें बसणारा विद्यार्थी सहसा मागें राहत नाहीं.

शेवटीं आईबाबांना एक विनंति. मूल दूरध्वनीवर कमी बोलूं लागलें, तर ‘अभ्यास करतोस ना?’ एवढ्यावर संभाषण संपवूं नका. ‘या आठवड्यांत कोणाला काय विचारलेंस?’ असें विचारून पाहा. उत्तर मिळालें तर मूळ धरलें असें समजा. उत्तर मिळालें नाहीं, तर रागावूं नका; एक दिवस काढून त्याच्या महाविद्यालयांत जा, त्याच्याबरोबर कार्यालयाच्या खिडकीपाशीं उभे राहा, पण बोलूं मात्र त्यालाच द्या.

रोप लावून शेतकरी घरीं जातो, पण पाणी पाहावयास पुन्हां येतो. तितकें आपण करूं. पुढची वाढ त्याची त्यालाच करावयाची आहे.