खेळाचा संगणक घरी जोडताना : किनाऱ्यावरच्या ग्राहकाने काय पाहावे?

सुटीत मुंबईला गेलेला मुलगा मालवणला परततो तो लॅमिंग्टन रोडवरच्या दरांची यादी खिशात घेऊनच. त्याला गेम खेळण्यासाठी संगणक हवा असतो. तोही तयार नको, सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. वडिलांना हा पैशाचा चुराडा वाटतो. आमच्या मते यादी नीट वाचली तर दोघांचेही थोडेथोडे चुकते.

जोडणी अवघड नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक सबंध दुपार पुरते. चूक होते ती खरेदीत. यादीत पहिले नाव ग्राफिक्स कार्डाचे असते आणि उरल्यासुरल्या पैशांत शेवटी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. आपल्या किनाऱ्यावर ही यादी उलटी वाचावी. पावसाळ्यात वीज जाते-येते, दाब खालीवर होतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात खांब कोसळले तेव्हा कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. हलका एसएमपीएस जळतो तेव्हा मदरबोर्डलाही बरोबर नेऊ शकतो. साध्या संगणकाला नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा पुरे. ‘८० प्लस’ हा शिक्का विजेची बचत सांगतो, संरक्षणाची हमी देत नाही. जादा दाब व शॉर्ट-सर्किटपासून संरक्षण आहे का, हे वेगळे विचारावे. त्याआधी घरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर महागडा यूपीएसही अपुराच.

खाऱ्या हवेचेही तसेच. समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवले की स्क्रू गंजतात आणि मेमरीच्या खाचेत ओल धरते. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावे, आतली ऊब दमटपणा घालवते.

आता मुलाच्या मुद्द्याकडे. पहिल्या वर्षी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेऊच नये. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर सहा कोरचा आहे आणि चित्र दाखवण्याची सोय त्याच्या पोटातच आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे खेळ त्यावर चालतात. नवे भारी खेळ अडखळतील, ते कार्ड आल्यावर. मात्र अशा प्रोसेसरला मेमरी एका पट्टीत १६ जीबी न देता ८-८ च्या दोन पट्ट्यांत द्यावी. चित्रासाठीही तीच मेमरी वापरली जाते आणि दोन पट्ट्यांत वाट दुप्पट रुंद होते. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ही चित्राची सोय नसते. चार पैसे स्वस्त म्हणून तो घेतला की पडदा काळाच राहतो आणि मुलगा रात्रभर केबली उपटत बसतो.

मेमरीचे दर २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे झपाट्याने चढले. तेव्हा मागच्या वर्षीचे कोटेशन रद्दीत टाकावे. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या बोर्डात बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जुनी ग्राफिक्स कार्डे स्वस्त मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ‘खाणकाम’ थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. समोर तासभर खेळ चालवून दाखवल्याशिवाय असे कार्ड घेऊ नये.

आखातातला मामा प्रोसेसर सहज घेऊन येतो. आपल्याकडे हे घरोघरी आहे. पण तिकडची हमी इथे चालेलच असे नाही. बिल सांभाळावे आणि हमी कुठल्या देशात चालते, ते दुकानातच विचारायला सांगावे. एसएमपीएस मात्र तिथून मागवू नये. बिघडला तर तो परत कोण नेणार?

शेवटी पैशाची गोष्ट. दुकानदार ‘बिनव्याजी हप्ता’ पुढे करतो. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते बहुधा प्रोसेसिंग फीच्या आड दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना सुनावले होते. व्याजापासून दूर राहणाऱ्याने रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज, फीसकट, कागदावर शेजारी-शेजारी लिहून घ्यावी. फरक दिसला की उत्तर मिळाले. घरी जोडण्याचा खरा फायदाही इथेच आहे : तयार संगणक एकरकमी घ्यावा लागतो, सुटे भाग ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने घेता येतात. एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि ५०० जीबीची एसएसडी यंदा. पडदा म्हणून घरचा टीव्ही. कार्ड पुढच्या ईदला.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. आपल्यासाठी तो जुगार आधीपासूनच हराम. तेवढी अट मुलाला पहिल्याच दिवशी घालावी.

पक्के बिल मागायला लाजू नये. भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून बिनबिलाचा भाव गोड वाटतो. पण सहा महिन्यांनी बोर्ड बंद पडला तर बिलाशिवाय दुकानदार ओळखही दाखवत नाही, आणि कुडाळ स्टेशनवरून मुंबईचे जाण्यायेण्याचे भाडे वर पडते.