सेन्सरसाठी ऑप-अँप घेताना आधी पासंग बघा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं तापमान मोजायचं यंत्र करायला घेतात. जोडणी बरोबर असते, तरी आकडा भलताच येतो आणि बोलणी बसतात मुलाला. पुष्कळदा खरा दोष ऑप-अँपच्या निवडीत असतो.

ऑप-अँप म्हणजे सेन्सरकडून येणारं बारीकसं व्होल्टेज मोठं करून देणारी आयसी. जुन्या तागडीला पासंग असायचा, आठवतं? पारडी रिकामी असली तरी एक बाजू खाली. तसाच पासंग ऑप-अँपलाही असतो, त्याला ऑफसेट व्होल्टेज म्हणतात. सेन्सरच्या व्होल्टेजबरोबर हा पासंगही तितक्याच पटीने वाढतो.

आता के-टाइप थर्मोकपल घ्या. त्याच्या दोन टोकांच्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर ते जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. कुठेही मिळणाऱ्या साध्या एलएम ३५८ चा पासंग साधारण २ मिलिव्होल्ट, म्हणजे २००० मायक्रोव्होल्ट. २००० ला ४१ ने भागा (हे गणित मुलांकडूनच करून घ्या). जवळजवळ ४९ अंशांची चूक! आणि माहितीपत्रकातला कमाल आकडा तर ७ मिलिव्होल्टचा आहे. निवड करताना हा कमालचा रकाना वाचायचा, सरासरीचा नव्हे. ओपी ०७ सी मध्ये तो १५० मायक्रोव्होल्ट आहे. चूक चार अंशांच्या आत येते.

एखादं हुशार पोर म्हणेल, "बाई, मग ४९ वजा करून टाकू की!" कल्पना चांगली आहे, पण पासंग एका जागी राहत नाही. एलएम ३५८ चा पासंग दर अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्टने सरकतो. सकाळी शून्य जुळवलं आणि दुपारी खोली दहा अंशांनी तापली, की पावणेदोन अंश पुन्हा बिघडले. ओपी ०७ मध्ये हेच सरकणं अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास असतं.

ओपी ०७ ची एक अडचण आहे. त्याला धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे लागतात, म्हणून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावा. नुसत्या ५ व्होल्टवर काम करायचं असेल तर ओपीए ३३३ घ्या. तो स्वतःचा पासंग सतत स्वतःच दुरुस्त करतो, कमाल फक्त १० मायक्रोव्होल्ट. मात्र त्याला ९ व्होल्टची बॅटरी चुकूनही लावू नका, जळेल. शिवाय आकार इवलासा, ब्रेडबोर्डवर बसत नाही, छोटी अ‍ॅडॉप्टर पट्टी लागते.

पीएचच्या काचेच्या प्रोबला मात्र वेगळीच कसोटी लावावी लागते. प्रोबचा रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो. ओपी ०७ ने त्यातून २ नॅनोअँपिअर जरी ओढले तरी २०० मिलिव्होल्टची चूक, म्हणजे तीन पीएचहून जास्त. इथे इनपुटचा प्रवाह काही पिकोअँपिअरच असणारा, सीए ३१४० सारखा ऑप-अँप हवा.

आणि सेन्सर एलएम ३५ असेल तर? तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. तिथे एलएम ३५८ ची चूक अंशाच्या आतच राहते. उगाच महागाची आयसी आणू नका.