ग्राफिक्स आणि गेमिंगसाठी लॅपटॉप: खरेदीआधीचा हिशोब

समजा, तुमच्या मुलीने बारावीनंतर ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन सांगते, "बाबा, साधा लॅपटॉप चालणार नाही. ग्राफिक्स कार्ड असलेलाच लागेल." तुम्ही दुकानात चौकशी करता, तर आकडा साठ-सत्तर हजारांपासून सुरू होतो आणि दीड लाखावर जातो. विक्रेता म्हणतो, "काका, काळजी करू नका, हप्त्यावर करून देतो." घरात एक लाखाची मुदत ठेव आहे, पण ती आजारपणासाठी राखून ठेवलेली आहे.

आता ठेव मोडायची, हप्ते घ्यायचे, की थोडे थांबायचे? या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते घरी, कागद-पेन घेऊन काढावे लागते. या लेखात आपण तो हिशोब पायरी-पायरीने करू.

पायरी १: काम कोणते ते ठरवा

"ग्राफिक्सचे काम" हा एकच शब्द असला तरी त्यात वेगवेगळी कामे येतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

• लग्नपत्रिका, फ्लेक्स, पुस्तकांची मुखपृष्ठे, फोटो सुधारणे: कोरलड्रॉ, फोटोशॉप, इलस्ट्रेटर यांसारख्या सॉफ्टवेअरला चांगला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि रंग खरे दाखवणारा पडदा लागतो. महागडे ग्राफिक्स कार्ड येथे बहुतेक वेळा बसूनच राहते.

• व्हिडिओ संकलन: मध्यम ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते. त्याबरोबर साठवणुकीची जागाही भरपूर लागते, कारण व्हिडिओच्या फाइल मोठ्या असतात.

• त्रिमितीय ॲनिमेशन, इमारतींची त्रिमितीय चित्रे: येथे ग्राफिक्स कार्डाला खरे काम असते. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक दृश्य तयार व्हायला लागणारा वेळ चांगल्या कार्डामुळे खूप कमी होतो.

• गेमिंग: व्हॅलोरंटसारखे खेळ साध्या कार्डावरही चालतात. सायबरपंक २०७७ सारख्या खेळांना मात्र ताकदीचे कार्ड हवे.

अभ्यासक्रमासाठी खरेदी असेल, तर संस्थेकडून दोन गोष्टी लिहून घ्या: कोणती सॉफ्टवेअर शिकवणार आणि ती कोणत्या वर्षी सुरू होणार. प्रत्येक सॉफ्टवेअरची कंपनी "किमान" आणि "शिफारस केलेली" अशा दोन गरजा जाहीर करते. तुमची खरेदी शिफारस केलेल्या गरजेजवळ असावी. पहिले वर्ष रेखाचित्रांतच जाणार असेल आणि त्रिमितीय काम दुसऱ्या वर्षी सुरू होणार असेल, तर तुम्हाला बचतीसाठी एक वर्ष मिळते. घाईत घेतलेल्या कर्जापेक्षा हे वर्ष मोलाचे आहे.

लॅपटॉप रोज नेण्या-आणण्याची गरज नसेल, तर डेस्कटॉपचाही विचार करा. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप सहसा जास्त ताकदीचा मिळतो. शिवाय एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

पायरी २: माहितीपत्रकातले बारीक आकडे वाचा

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कार्डाचे नाव असते. खरा फरक बारीक अक्षरांत असतो.

ग्राफिक्स कार्डाचे वॅट: एकाच नावाचे कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीने चालते. उदाहरणार्थ, एनव्हिडियाचे लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवलेले असू शकते. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ते कमी वॅटवर चालते आणि कामही हळू होते. म्हणून विक्रेत्याला "कार्ड कोणते" एवढेच विचारू नका, "किती वॅटचे" हेही विचारा. त्याला सांगता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर शोधा.

कार्डाची स्वतःची मेमरी: ही रॅमपेक्षा वेगळी असते आणि नंतर वाढवता येत नाही. आरटीएक्स ४०५० मध्ये ती ६ जीबी असते, तर ४०६० मध्ये ८ जीबी. त्रिमितीय कामासाठी ८ जीबी असलेली बरी.

रॅम: आज १६ जीबी हवी. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की पुढे ती वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डालाच जोडलेली असते. अशा ठिकाणी आज घेतली तेवढीच कायमची. रिकामा स्लॉट असेल, तर आज १६ जीबी घेऊन गरज पडेल तेव्हा वाढवता येईल. तेवढा खर्च पुढे ढकलता येतो.

पडदा: गेमिंगच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये पडद्याचा वेग १४४ हर्ट्झ असतो, पण रंग फिके असू शकतात. माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" लिहिले असेल, तर तो पडदा छपाईच्या कामाला योग्य नाही. पडद्यावर दिसलेला लाल रंग कागदावर वेगळाच उतरेल. रंगांचे काम करणाऱ्याने "१०० टक्के एसआरजीबी" असे लिहिलेला पडदा घ्यावा.

बॅटरी आणि वजन: असे लॅपटॉप साधारण दोन ते अडीच किलोचे असतात आणि चार्जरचे वजन वेगळे. पूर्ण ताकद चार्जर जोडलेला असतानाच मिळते. बॅटरीवर जड काम केले तर ती एक-दोन तासांत संपते. रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

पायरी ३: किमतीपलीकडचा खर्च मांडा

लॅपटॉपची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. तीन वर्षांचा हिशोब मांडा.

• वीज: जड काम करताना लॅपटॉप सुमारे २०० वॅट ओढतो असे धरू. रोज ४ तास म्हणजे ०.८ युनिट, महिन्याला २४ युनिट. युनिटचा दर ८ रुपये असेल तर महिन्याला १९२ रुपये, तीन वर्षांत सुमारे ६,९०० रुपये. तुमच्या राज्यातला दर घालून हा आकडा पुन्हा काढा.

• सॉफ्टवेअर: काही सॉफ्टवेअरची दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी भरावी लागते. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा दर आहे का ते पाहा. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप आणि गिंप ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि शिकण्यासाठी पुरेशी आहेत.

• सुरक्षित साठवण: कामाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यावीच लागते.

• दुरुस्ती: हमीचा काळ किती, आणि त्यात पडणे, पाणी सांडणे येते का? साधारणपणे साध्या हमीत ते येत नाही. कंपनीचे सेवा केंद्र तुमच्या गावापासून किती दूर आहे, हेही विचारा. सेवा केंद्र दोनशे किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक बिघाडामागे प्रवासखर्च आणि कामाचे दिवस जातात.

पायरी ४: पैसे कुठून आणायचे?

लॅपटॉपची किंमत ९०,००० रुपये आहे असे धरू आणि तीन मार्गांची तुलना करू.

पहिला मार्ग, वैयक्तिक कर्ज: १२ महिने, व्याजदर वार्षिक १६ टक्के. मासिक हप्ता सुमारे ८,१६६ रुपये. व्याज सुमारे ८,००० रुपये. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २,१२४ रुपये. म्हणजे लॅपटॉप तुम्हाला एक लाखाच्या थोडा वर पडतो.

दुसरा मार्ग, आवर्ती ठेव: बँकेत १८ महिने, दरमहा ४,८०० रुपये, व्याजदर ६.५ टक्के. तुमच्या खिशातून जातात ८६,४०० रुपये आणि हातात येतात ९०,००० पेक्षा थोडे जास्त. कर्जाच्या मार्गाशी तुलना केली, तर फरक सुमारे १३,७०० रुपयांचा आहे. तेवढ्यात बाहेरची हार्ड डिस्क येते आणि तीन वर्षांची वीजही निघते. बँकेतल्या ठेवींना मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक बँकेत प्रति ठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून एवढ्या जवळच्या गरजेसाठी ती सोयीची नाही.

तिसरा मार्ग, मुदत ठेवीवर कर्ज: ठेव मोडली तर व्याज कमी मिळते आणि आजारपणासाठी ठेवलेला आधारही जातो. त्याऐवजी ठेवीवर कर्ज मिळते. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ठेवीला ७ टक्के मिळत असतील आणि कर्ज ८.५ टक्क्यांनी मिळाले, तर तेवढ्या रकमेवर तुमचा खरा भार दीड टक्काच. अर्धी रक्कम साठवून उरलेली अशा कर्जातून घेतली, तर प्रतीक्षा आणि व्याज दोन्ही कमी होतात. मात्र कर्ज फिटेपर्यंत तेवढी ठेव अडकून राहते, हे विसरू नका.

"बिनव्याजी हप्ता" नीट समजून घ्या

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी दडलेले असते. क्रेडिट कार्डावर ९०,००० रुपयांचा लॅपटॉप सहा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घेतला, तर प्रत्यक्षात दुकानदार किंवा कंपनी सुमारे ३,८०० रुपयांची सूट देते आणि बँक तेवढेच व्याज लावते (दर १५ टक्के धरला आहे). त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ६८५ रुपये, तुम्हीच भरता. प्रक्रिया शुल्क वेगळे. एवढा खर्च फार नाही. पण रोख खरेदीवर पाच हजारांची सूट मिळत होती आणि हप्त्यामुळे ती गेली, तर तो खर्चही त्यात धरा. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: "आज पूर्ण पैसे दिले तर शेवटची किंमत काय?"

आणि हप्ता चुकला तर? क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज लागू शकते. शिवाय क्रेडिट स्कोअर घसरतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा हा चुकलेला हप्ता आडवा येईल.

बँक किंवा वित्त कंपनीकडून कर्ज घेत असाल, तर सही करण्यापूर्वी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र मागा. किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर एकाच आकड्यात लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करा.

कमाईचे साधन की करमणूक?

येथे स्वतःशी प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. लॅपटॉप आल्याच्या पहिल्या महिन्यापासून ठरलेले काम आणि ठरलेले पैसे येणार असतील, तर कर्ज घेणे चूक नाही. अठरा महिने थांबण्यात कमाईच बुडेल. पण ती कमाई हप्त्याच्या किमान दुप्पट असावी, कारण काम दर महिन्याला सारखे मिळत नाही. तुमची नियमित योजनेखाली जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर तुमचा क्रमांक लिहून घ्या. ९०,००० रुपयांच्या बिलात सुमारे १३,७०० रुपये कर असतो. व्यवसायासाठीच्या खरेदीवर त्याचे क्रेडिट मिळू शकते.

लॅपटॉप मुख्यतः खेळण्यासाठी असेल, तर बचत करूनच घ्या. खेळाची हौस वाईट नाही. कर्ज काढून हौस केली, की खेळाचा कंटाळा आला तरी हप्ता सुरूच राहतो. मुलाला आवर्ती ठेवीचे पासबुक दाखवा, त्याच्या वाढदिवसाचे पैसेही त्यात भरा. लॅपटॉप येईल तेव्हा त्याची किंमत त्याला ठाऊक असेल.

खरेदीच्या दिवशी

• दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट यांसारख्या बाजारांत भाव करता येतो. पण बिलाशिवाय खरेदी करू नका. बिलावरचा अनुक्रमांक लॅपटॉपवरच्या क्रमांकाशी जुळवा.

• ऑनलाइन मागवला असेल, तर डबा उघडताना व्हिडिओ काढा.

• "आधी अर्धे पैसे पाठवा, निम्म्या किमतीत देतो" अशा संदेशांना भुलू नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

• वस्तू किंवा सेवेबद्दल तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करा.

दुकानात जाण्याआधी हे लिहून ठेवा

१. या लॅपटॉपवर कोणते काम होणार आणि ते कधी सुरू होणार?
२. कार्डाचे वॅट, कार्डाची मेमरी, रॅमचा रिकामा स्लॉट, पडद्याचे रंग: चारही आकडे मिळाले का?
३. तीन वर्षांचा एकूण खर्च किती?
४. रोख किंमत किती आणि हप्त्यांची बेरीज किती?
५. अडचणीसाठीचे पैसे हात न लावता शिल्लक राहतात का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर त्या दिवशी दुकानात न जाता बँकेत जा आणि आवर्ती ठेव सुरू करा. लॅपटॉप पुढच्या वर्षीही मिळेल. आजारपण मात्र वेळ ठरवून येत नाही, आणि त्या दिवशी ती ठेवच कामी येईल.