तिला एकटीला उचलता येईल अशी पेटी

गौलीगुड्यात माझी भाची राहते ती इमारत जुनी आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि ऑटो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. भाची बेस गिटार वाजवते. दर रविवारी जांबागेत तालीम असते आणि गणेशोत्सवात रोज कुठे ना कुठे कार्यक्रम. छोटासा ॲम्प्लिफायर तिच्याकडे होता. स्पीकरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, मात्र दर वेळी कुणाची तरी उसनी. यंदा तिने शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि म्हणाली, "मामा, चला, पेटी बघू."

घरात लगेच दोन पक्ष पडले. मेहुण्यांचं म्हणणं, घ्यायचीच तर मोठी घ्या, जास्त वॅटची घ्या. ताईला काळजी वेगळीच: ही पेटी चढवणार-उतरवणार कोण? मला ताईचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. पेटी उचलायला दर वेळी कुणीतरी लागलं, तर तालमीला जायचं की नाही हे त्या कुणाच्या तरी सवडीवर ठरतं. दोन-चार रविवार चुकले की गटात दुसरा वाजवणारा येतो.

पण लहान पेटीतून बेसचा खर्ज निघेल का? बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते. त्या सुराची हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणजे आपल्या दिवाणखान्यापेक्षाही मोठी. एवढी हवा हलवायला जागा लागतेच. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नावाने याचा एक नियमच ओळखला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. "आकाराने इवलीशी, पण सगळं देते" असं कुणी सांगितलं, की काय सोडलंय ते विचारायचं.

मग आम्ही कागदावर लिहून काढलं. मोठ्या सभागृहात ॲम्प्लिफायरच्या 'डीआय' जोडणीतून आवाज थेट तिथल्या साउंडवाल्याकडे जातो. पेटी फक्त मंचावरच्या मंडळींना ऐकू आली तरी पुरते. खरी कसोटी लागते ती सोसायटीच्या मंडपात, जिथे बेस साउंड सिस्टिमला जोडत नाहीत आणि शेजारी ड्रम वाजत असतात. त्यासाठी बारा इंची एक स्पीकर असलेली पेटी ठरवली. दहा इंचीपेक्षा त्याचा पृष्ठभाग जवळपास दीडपट असतो.

वॅटच्या आधी आम्ही संवेदनशीलतेचा आकडा पाहिला. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. तीन डेसिबल जास्त म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखं: 99 डेसिबलची पेटी 200 वॅटवर जे देते, त्यासाठी 96 डेसिबलच्या पेटीला 400 वॅट लागतात. ओहमही पाहिले. भाचीचा ॲम्प्लिफायर 4 ओहमपर्यंत चालतो. 8 ओहमची एक पेटी घेतली, तर पुढे तशीच दुसरी समांतर जोडता येते. दोन्ही मिळून 4 ओहम होतात. आज थोडी ताकद कमी मिळते, पण वाट मोकळी राहते.

वजनात खरा फरक चुंबकाचा. जुन्या फेराइट चुंबकांऐवजी निओडायमियम असेल आणि पेटी एमडीएफऐवजी हलक्या प्लायवूडची असेल, तर वजन 15 किलोच्या आसपास येतं. तुलनेसाठी सांगतो, आठ स्पीकरची ती प्रसिद्ध अँपेग पेटी 60 किलोच्या वर भरते. चाकं सपाट रस्त्यावर छान. जिन्यावर त्यांचं ओझंच.

दुकानात भाचीने स्वतःची गिटार नेली, कारण हाताला सवय तिची. जाड तार हळू आणि जोरात, दोन्ही वाजवून पाहिली. कुठे फडफडतं का, जाळी थरथरते का, ते ऐकलं. मग मी दहा-बारा पावलं लांब उभा राहिलो, कारण खर्ज पेटीजवळ कळत नाही. शेवटी दुकानदाराची परवानगी घेऊन ती पाठीवर गिटार आणि हातात पेटी घेऊन दुकानाचा जिना दोनदा चढली. दुकानदार हसला, पण पेटी ठरली ती तिथेच.

तुमच्यापैकी कुणी घेणार असेल, तर दोन गोष्टी आणखी. पेटीला स्पीकरचीच केबल लावा. गिटारची केबल तसाच प्लग असला तरी एवढा विद्युतप्रवाह वाहण्यासाठी नसते, ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. आणि घरी सराव करताना पेटी कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. तिथे खर्ज फुगतो आणि सामाईक भिंतीतून थेट शेजाऱ्यांच्या घरात जातो.

मेहुण्यांना पेटी अजून लहानच वाटते. भाची मात्र गेले पाच रविवार तालमीला वेळेवर पोचली आहे.